चार नंबरची मॅगझिन

नऊ एमेम, शेवटचे आकडे तीनशे बारा.
सोबत चिठ्ठी, रेंजवरच्या साहेबांच्या हिरव्या शाईत :
‘हत्यार ठीक. शिपाई वळवी हिचं मनगट ढिलं.’
मनगट आवळायचा पाना माझ्या पेटीत नाही,
म्हणून मी आधी पिस्तूल उघडलं.

धुळ्याचा मे. पत्र्याखाली शस्त्रागार,
कूलरमध्ये पाणी घालायची पाळी कुणाचीच नाही.
मॅगझिन काढली, स्लाइड मागे ओढली,
डोळ्यांनी पाहिलं तरी चेंबरला करंगळी लावली.
एकतीस वर्षं झाली,
रिकामं आहे या शब्दावर माझा विश्वास बसत नाही.

‘काय व्हयनं तुले, सांग.’
लोखंडाशी मी अहिराणीत बोलतो,
साहेबांशी मराठीत.

एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली सापडला कापूस.
हिवाळाभर दोंडाईच्याला जिनिंगच्या फाटकावर
बंदोबस्त होता या पिस्तुलाचा.
रुई उडते, तेल तिला बोलावून घेतं,
आणि दोघं मिळून आत वाकळ शिवत बसतात.
आमच्यात पुष्कळांना वाटतं, जास्त तेल म्हणजे जास्त माया.
अरे, भरताची फोडणी आहे का ती?
टाचणीनं उकरलं. ब्रश मारला.
चिंधी काळी, चिंधी करडी,
चिंधी पांढरी निघेपर्यंत चहा निवला.

सकाळी साडेसहा, लळिंगच्या पायथ्याला.
आधी रिकामी पुंगळी खिडकीत अडकून उभी राहायची
वीटभट्टीच्या धुराड्यासारखी.
ते थांबलं.
पण अकराव्या गोळीला स्लाइड पुन्हा अर्ध्यात.
या वेळी जिवंत काडतूस, नाक वर करून,
चेंबरच्या उंबऱ्यावर आडवं.
‘बघा,’ साहेब म्हणाले, ‘मनगट.’
रोग दोन होते,
साहेबांकडे शब्द एकच होता.

मग मी झाडून पाहिलं. माझ्याही हातात अडकलं.
‘वय झालं तुमचं,’ साहेब म्हणाले
आणि सावलीत गेले.

वळवी नवापूरकडची, बोलायची कमी.
तिनं नुसता तळहात पुढे केला.
घामानं पसरलेल्या बॉलपेनच्या रेघा :
एकला काही नाही, दोनला नाही, तीनला नाही,
चारखाली सात उभ्या रेघा, दाटीवाटीनं.
‘झिपरूआप्पा, चारनंबरचीच अडते.’
प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला तिनं ठिपके दिले होते
लाल नेलपॉलिशचे.
ड्युटीवर नखांना चालत नाही,
मॅगझिनला नको म्हणून कुठल्या नियमात लिहिलंय?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची,
एवढंच शिकलो मी या खात्यात.
चारची दुसऱ्या पिस्तुलात घातली : अडकलं.
तीनशे बारात दोनची घातली :
तीस गोळ्या, एकही अडखळ नाही,
पुंगळ्या उजवीकडे एकाच ढिगात,
जणू कुणी मोजून ठेवल्या.

दोन्ही मॅगझिनचे ओठ उजेडाला धरले.
चारचा डावा ओठ बाहेर वळलेला,
नखाच्या जाडीएवढाच.
त्यावर पत्र्याचा चकचकीत ओरखडा.
कुणीतरी कधीतरी, कुठल्यातरी दुपारी,
यानं सोड्याची बाटली उघडली होती.
रजिस्टर काढलं. सहा वर्षांत पाच नावं.
दोन निवृत्त, एकाची बदली, एक ही वळवी.
पाचवं साहेबांचं.
मी रजिस्टर मिटलं. ओरखड्यावर नाव नसतं.

‘मॅगझिन क्रमांक चार बाद. ओठ वाकलेले.’
एवढं लिहून सही केली.
वळवी दारातच उभी होती.
‘आणि ती चिठ्ठी?’
चिठ्ठीची प्रत तिच्या फायलीत लागून गेली होती,
टाचणीसकट.

फायल मागवली.
हिरव्या ओळीच्या खाली, माझ्या निळ्या बॉलपेनानं,
शस्त्रागाराचा गोल शिक्का मारून लिहिलं :
‘मनगट तपासलं.
चालू स्थितीत आहे.’